मोहाखाली लावलेली गाडी

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत बिनछताची गाडी त्या झाडाखाली लावू नये, हे का मले ठाऊक नव्हतं? तरी मीच लावली.

गाडी सुभाषभाऊची, भंगारातून आणलेली. तीन वर्ष मी तिचा पत्रा ठोकला, मोठं इंजिन बसवलं, मागं रुंद चाकं लावली. भाऊले ती एकदा वाऱ्यासारखी पळवायची होती. तो दिवस आला. सकाळी पाहतो तं सीटभर मोहफुलं, अन् गावातली सोमीबाई आत बसून वेचून राह्यली.

"बाई, उतरा. आमाले निघायचं हाय," भाऊ म्हणाले.

"झाड आमच्या घरचं हाय. खाली पडलं ते आमचं."

"फुलं तुमची, पण गाडी माझी ना!"

"मंग आमच्या झाडाखाली काऊन लावली?"

कोणतं झाड कोणाचं, हे इथी साऱ्या गावाले माहीत असते. भाऊ बी वेचाले बसले. टोपलं भरलं, तरी बाई उतरेना.

"एवढं ओझं डोक्यावर नेऊ काय? घरी सोडा."

भाऊनं हौसेनं गाडी दामटली, तशी टोपल्यातली फुलं उडाली.

"हळू, भाऊ! हळू!" बाई ओरडली.

भाऊनं मन मारलं अन् गाडी अशी हळू चालवली, का मागून आलेला सायकलवाला उतरला अन् मायेनं म्हणाला, "भाऊ, धक्का देऊ काय?"