उभा मका

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. आत त्यांच्या वडिलांच्या पायाला प्लास्टर घालत होते.

“ताई, मका आजच कापायला हवा. दाणा चिकात आलाय. आणखी वाळला तर मुरघासाचा चारा खड्ड्यात नीट दाबला जाणार नाही, बुरशी धरेल. मग गाईंना काय घालू?”

“मग काप ना! अडवलंय कुणी?”

“बाबांनी. कापणीचं मशीन दारातून परत पाठवलं. म्हणे, मी उभा राहीपर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही.”

“आणि तू ऐकलंस? चाळिशी उलटली तुझी!”

“दुरून बोलायला तुझं काय जातंय? तूच सांग त्यांना.”

चाकांच्या खुर्चीतून वडील बाहेर आले.

“काय रे, मका कापला का?”

“तुम्हीच नको म्हणालात ना!”

“मी हजार गोष्टी म्हणतो. तुला डोळे नाहीत?”

“ताई, बघ! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!” त्याने तिथेच फोन लावला. “हॅलो, मशीन पाठवा. आत्ताच. नाही, बाबांना नाही विचारायचं.”

“त्याला सांग, बुडखा वीतभर ठेवून काप. नाहीतर माती येते चाऱ्यात.”

“बाबा, मी बोलतोय ना!”

“बरं, बोल,” म्हातारे म्हणाले. “पण वीतभर.”