घोरपड की अळंबी?

शुक्रवार पेठेतल्या दवाखान्यात वेणीमाधव मास्तर दुखरी दाढ धरून बसले होते. शेजारी एक धनगर पोट आवळत बायकोशी भांडत होता, आणि मास्तरांच्या दाढेत कळ येत होती.

“तुज्या तळ्याकाठच्या अळंबीनंच घात केला!”

“करंगळीएवढी अळंबी ती! आन् तुमी आणलेली हातभर घोरपड न्हाय दिसली व्हय?”

“घोरपड आजवर कुणाला बाधली न्हाय.”

“मग ढेकर घोरपडीचा का येतोय?”

“गप की!”

मास्तर वैतागले. “अहो, भांडता कशाला? बाई, यातलं तुम्ही काय खाल्लंत? त्यावरून लगेच कळेल.”

बाई मास्तरांकडे वळली.

“ह्यांच्या मागनं जेवते मी, दादा. दोन्ही कालवणांची गाडगी चाटूनपुसून उठले हे. कोरडी भाकर कुटं बाधती व्हय?”