बाईंची चौथी खेप

गाडीच्या परवान्याच्या रांगेत म्हातारा शिंपी उभा होता. पुढे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आपल्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांशी बोलत होत्या. शिंप्याचे कान आपसूक तिकडे लागले.

“मास्तर, ही चौथी खेप. या वेळी तरी पास होईन ना?”

“व्हाल हो बाई. तुम्हाला नुसतं सांगून कळत नाही, हे कळायला मलाच उशीर झाला. आता खडूने जमिनीवर आखून दिलं, तर गाडी कशी सरळ मागे जाते.”

“सगळ्यांना असंच आखून देता?”

“छे. काहींना सांगितलं तरी पुरतं. एका आजींना आठवडाभर शेजारी बसवून नुसतं फिरवलं. भीती गेली, मग चावी दिली.”

“थांबा, हे लिहूनच घेते. सोमवारी पाठाचं टाचण द्यायचंय, सगळ्या प्रकारच्या मुलांना झेपेल असं. मला काही सुचतच नव्हतं.”

“लिहा की. पण तुमच्या वर्गातही न जमणारी मुलं असतील. त्यांचं काय करता?”

“त्यांच्या नावापुढे ‘लक्ष देत नाही’ असं लिहिते.”

“सगळ्यांच्याच?”

“रकाना लहान असतो, मास्तर. तेवढंच मावतं.”