बोट ठेवून वाच

हॅलो?… हो, कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य विभागातून लोरेटा बोलतेय… कोण, डार्सी? अरे, धान्याच्या कोठारातूनच बोलतोयस का? केवढा गोंगाट.

…नाही रे बाबा. तुझ्या वाचनाच्या चाचणीचा अहवाल मी तुझ्या मुकादमाला, अर्व्हिनला, पाठवलेला नाही. तू हो म्हटल्याशिवाय मला पाठवताच येत नाही… हो, हो… अरे ऐक ना. अर्व्हिनला तू स्वतःच सांगून टाक. चाळिशीत कळलं, त्यात लाज कसली? वाचता तुला येतं, आकड्यांची तेवढी उलटापालट होते… हसू देत की. चार दिवस हसतील, मग विसरतील.

…काय, वाचताना आकड्यांवर धरायची ती पिवळी पट्टी फेकून दिलीस, लोक हसतील म्हणून? धन्य आहे तुझी. कॉलेजात त्या पट्टीच्या जोरावर एकदाही चुकला नाहीस… बरं बरं, राहू दे.

आत्ता काय चाललंय?… धान्य वाहणारा पट्टा गव्हाने तुंबलाय. मग?… अर्व्हिन पट्ट्याखालच्या खड्ड्यात उतरून हाताने मोकळा करतोय. आणि पट्ट्याची वीज तोडायला खटका तू पाडलास, वर कुणी चालू करू नये म्हणून आपलं कुलूपही लावलंस. शाब्बास.

…कोण ओरडतंय तिकडे?… ऑफिसातले? हीटर बंद पडला म्हणून? या थंडीत ओरडणारच. कधी पडला?… तू खटका पाडल्यावर?

डार्सी, पट्ट्याचा खटका पाडल्यावर ऑफिसचा हीटर का बंद पडेल?… नाही, घाबरवत नाहीये. कुठला नंबर पाडायचा होता?… एकसष्ट. बरं. जिथे कुलूप लावलंयस तिथे जा… 'मघाशी बघितलं' नको. आत्ता बघ. आकड्यावर बोट ठेव, आपण करतो तसं. एकेक, मोठ्याने… एक. पुढचा?

…सहा.

अरे, ते सोळा आहे.

…ऐक. ऐक माझं. म्हणजे पट्ट्याची वीज अजून चालूच आहे. एकसष्टचा खटका कुठे आहे?… पार त्या टोकाला? आणि सुरू करायचं बटण कोणापाशी?… त्या केलीपाशी. तो कुठाय?… कॉफी पिऊन परत वर, बटणापाशी गेला? त्याला ठाऊक आहे का, अर्व्हिन अजून खाली आहे ते?… 'असेल' म्हणजे काय?

रडू नकोस. माफी नंतर माग. आधी अर्व्हिनला हाक मार, बाहेर ये म्हणावं… मार ना, लाजतोस काय…

थांब. तो भोंगा कसला?… पट्टा सुरू व्हायच्या आधी वाजतो तो?

एकसष्टकडे पळ, डार्सी. फोन टाक आणि पळ.

…डार्सी?… हॅलो?