अकरा गाड्या आणि एक लाल दिवा

नाही, पण माणसाला लाज वाटण्यालाही काही मर्यादा असते की नाही, सांगा मला! तीन आठवडे झाले त्या गोष्टीला, तरी अजून मिक्सरची पिन प्लगात घालताना माझे कान गरम होतात. माझ्यामुळे, म्हणजे अक्षरशः माझ्या ह्या दोन हातांमुळे, एका भल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, आणि मी केलं काय होतं? तर काळजी. काळजी म्हणून हो, बाकी काही नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमच्या सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. चाकांवरचं घर म्हणा ना. आत दोन पलंग, एवढासा ओटा, फ्रीज, आणि वाकून आंघोळ करायची न्हाणी. लोक या वयात गुडघे सांभाळतात, आमच्या बाबांनी गाडी सांभाळायला घेतली. तर अशा गाड्यांचे तळ असतात, ओळीने गाड्या लावायच्या, प्रत्येकीला एक विजेचा खांब, त्यात वायर खोचली की घर चालू. मागच्या वर्षी अशाच एका तळावर विजेचा दाब एकदम चढला आणि फ्रीज, पंखा आणि बाबांचा रेडिओ, तिघंही एका दमात गेले. फ्रीजचं बाबांना काही वाटलं नाही, पण रेडिओसाठी दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तेव्हाच ठरलं, की यंदा सर्ज प्रोटेक्टर घ्यायचा. खांब आणि गाडी यांच्या मध्ये बसणारा डबा. वीज ठीक असेल तर हिरवा दिवा, कुठे गडबड असेल तर लाल दिवा आणि वीज बंद. झालं, एवढंच. आणि तो निवडायचं काम बाबांनी दिलं कुणाला? मला. का? तर सूनबाई शिकलेली आहे.

अहो, शिकले काय मी? ग्रंथालयशास्त्र! पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवते मी. पण एकदा घरात आपण शिकलेले ठरलो ना, की मग बल्बपासून बाळंतपणापर्यंत सगळं आपल्यालाच विचारतात, आणि आपल्यालाही 'मला नाही बाई कळत' म्हणायची चोरी होते. मग मी बसले वाचत. ज्यूल वाचले, अँपिअर वाचले, लोकांचे अभिप्राय वाचले, चारशेच्या वर. एकाने लिहिलं होतं, डबा उत्तम आहे, आमचं कुत्रं त्याच्यावरच झोपतं. मी त्या एका वाक्यावर अख्खी दुपार काढली. म्हणजे डबा गरम होतो का? होत असेल तर किती? आमच्याकडे कुत्रं नाही, पण बबडी आहे. बबडी म्हणजे माझी लेक, दीड वर्षाची, आणि तिचा जगातल्या प्रत्येक वस्तूशी परिचय तोंडानेच होतो.

नवरा म्हणाला, अगं, घे कुठलाही. हे वाक्य तो आमच्या लग्नापासून सोफा, पाळणाघर, डॉक्टर, सगळ्यांविषयी म्हणत आलाय. दुकानात गेले तर दुकानदार, असा मान हलवत, "मॅडम, हा घ्या, हा पटापट जातो." मी म्हटलं, जातो म्हणजे? जळून? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी त्याच्या मालाला शापच दिला. मग मी त्याला उभ्या उभ्या पाऊण तास विचारलं. नुसता दिवा दाखवणारा की वीज तोडणारा? तोडली तर परत आपणहून जोडतो, की आपण जोडायची? अर्थिंग तपासतो का? अर्थिंगचं एवढ्यासाठी, की ते नसेल तर बिघाड झाल्यावर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो, आणि आमची बबडी ओल्या हातांनी त्या पत्र्याला धरूनच चालायला शिकत होती. काळजी म्हणून हो, बाकी काही नाही. शेवटी दुकानदाराने स्वतःच मला खुर्ची दिली आणि दुसरं गिऱ्हाईक आल्यावर म्हणाला, या बाईंना विचारा.

घेतला. सगळ्यात कडक डबा घेतला, अर्थिंग तपासणारा. घरी लावून पाहिला, हिरवा. बाबांनी तो शेजाऱ्यांना दाखवला. "सूनबाईने निवडला. चारशे लोकांना विचारून." चारशे लोकांना मी विचारलं नव्हतं, वाचलं होतं, पण बाबांना कोण सांगणार?

आठवड्याभराने निघालो. तळावर पोचलो, छान जागा, झाडं, अकरा गाड्या आधीच लागलेल्या. बाबांनी समारंभपूर्वक, म्हणजे चारपाच जणांना जमवून, डबा खांबाला लावला. लाल! मी वाचलं, 'अर्थिंग नाही.' दुसऱ्या खांबाला लावला. लाल. तिसऱ्या. लाल! आता तुम्हीच सांगा, घरी हिरवा असलेला डबा इथे तीन-तीन खांबांवर लाल दाखवतो, तर माणूस काय समजेल? की सगळ्या तळाचंच अर्थिंग गेलंय. मी बबडीला कडेवर घेतलं आणि… कसं सांगू… मी ओरडले. म्हणजे मी वाचनालयात काम करते, मला ओरडता येतं हे मलाच माहीत नव्हतं. गाड्यांना हात लावू नका, पत्र्यात करंट येईल, वायरी काढा! आणि लोकांनी काढल्या हो. अकराच्या अकरा गाड्या. कुणाचा कूलर बंद, कुणाचं धुणं मशीनमध्ये अर्धवट, आणि पलीकडच्या गाडीतल्या आजी नातवाच्या वाढदिवसाचा केक भाजत होत्या, तो ओव्हनमध्येच बसला. म्हणजे चांगला फुगलेला, आणि मग बसला. आजींनी मला त्यावेळी मिठी मारली, म्हणाल्या, केक काय, पुन्हा होईल, तू आमचा जीव वाचवलास. ती मिठी मला आजही टोचते.

मॅनेजरबाई आल्या. सडसडीत, गळ्यात शिट्टी. त्यांनी वायरमनकाकांना बोलावलं. काका साठीचे, हळू बोलणारे, खिशाला टेस्टर लावलेला. दर सोमवारी हाच माणूस सगळे खांब तपासतो आणि वहीत सही करतो. त्यांनी मीटर लावलं, म्हणाले, खांब ठीक आहे. दुसरा ठीक. तिसरा ठीक. मॅनेजरबाई म्हणाल्या, तुमचं मीटर तुमच्याइतकंच जुनं, यांचा डबा नवा. परवा पाण्याचा पंप बिघडला, आज हे! आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहीत नुसत्या सह्या करता तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. हो, म्हटलं मी. लहान मुलं असतात इथे.

काकांनी डबा खांबावरून काढला. त्यांनी आमच्या डब्याची पिन हातात घेतली, ती मधली, जाड, लांब, अर्थची. उजेडात धरली. अंगठ्याच्या नखाने खरवडली. आणि तिच्यावरून एक पातळ, पारदर्शक साल निघाली, कांद्याचा पापुद्रा निघावा तशी.

आणि तुम्हाला सांगते, मला आठवलं. निघायच्या चार दिवस आधी बबडीने ती पिन तोंडात घातली होती. नेमकी तीच, सगळ्यात लांब म्हणून. मी घाबरून वाचायला बसले, तर कुठेतरी सापडलं, की काही पितळेत शिसं असतं. शिसं! मग मी माझं नेलपॉलिश घेतलं, बिनरंगी, आणि त्या पिनेला व्यवस्थित दोन हात दिले. एक सुकल्यावर दुसरा. ज्यूल पाठ होते मला तेव्हा, अँपिअर पाठ होते, पण नेलपॉलिशमधून वीज जात नाही एवढं काही डोक्यात आलं नाही. आणि नंतर, घरातली हजार कामं… विसरूनच गेले. काळजी म्हणून हो, बाकी…

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू विचारलं, "ताई, हे काय लावलंय?"

आजूबाजूला अकरा गाड्यांची माणसं. शेजारी बाबा, छाती पुढे काढून. आणि मी म्हणाले, "कंपनीचंच असेल."

कंपनीचंच असेल! दोन शब्द. मी आयुष्यात तिकीट चुकवलं नाही, परीक्षेत मान वळवली नाही, आणि एका साठीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून…

काकांनी सुरीने पिन साफ केली, खोचली, हिरवा दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, खांबात नव्हतं काही, पिनेवर होतं. तर मॅनेजरबाई म्हणाल्या, आता बाईंवर ढकलू नका. आणि काका आपली पिशवी आवरायला गेले.

मी गाडीत शिरले. नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, खूप हसला, पलंगावर आडवा होऊन हसला. मग 'कंपनीचंच असेल' सांगितलं, तेव्हा उठून बसला. म्हणाला, "जा. आत्ता जा, सांगून ये." पहिल्यांदाच हा माणूस 'कुठलंही चालेल' म्हणाला नाही.

गेले. पुरावा म्हणून नेलपॉलिशची बाटली घेतली. मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं, बबडी, शिसं, दोन हात, खोटं. त्यांनी बाटली डोळ्यांपुढे धरली. "यात रंगच नाहीये." मी म्हटलं, हो, पारदर्शक आहे. जन्मात एकदा गुन्ह्याचा पुरावा घेऊन गेले, तोही पारदर्शक! मी म्हटलं, थांबा, पुन्हा लावून दाखवते, लाल दिवा येईल. तर त्यांनी माझा हात धरला, आणि त्या शिट्टीवाल्या बाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी. "त्या म्हाताऱ्यासाठी तुम्ही स्वतःवर घेताय ना? एवढ्या शिकलेल्या बाई पिनेला नेलपॉलिश लावतील का? मला काय कळत नाही?" मी म्हटलं, अहो, लावलं हो, शपथ! तर म्हणाल्या, तुमचं मन मोठं आहे, तुमच्या शब्दाखातर ठेवते त्याला, पण ही शेवटची संधी.

म्हणजे नोकरी राहिली. पण चूक? ती राहिली त्यांच्याच नावावर! काका बाहेरच होते, मी हात जोडले. ते म्हणाले, "काम राहिलं ना ताई. पुरे." वहीत त्यांनी खरं ते लिहिलं होतं, 'पिनेस नेलपॉलिश'. मॅनेजरबाईंनी ते खोडून वर लिहिलं, 'वहीत थट्टा करू नये'.

मी आजींकडे गेले, त्यांना सांगितलं. त्यांनी बसलेल्या केकचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, किती गुणाची गं! बाबांना सांगितलं. बाबा सद्गदित! एका गरिबासाठी आमची सून खोटं बोलली म्हणून त्यांनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या तळाला सांगितलं. मी खोटं बोलले तेव्हा सगळ्यांना खरं वाटलं, खरं बोलले तर खोटं, आणि दोन्ही वेळा कौतुक माझंच. सांगा, कुठे जाऊन लाजायचं माणसाने?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते, तर बाहेर रांग. अकरा गाड्यांची. हातात कागद, पेन. ताई, सर्ज प्रोटेक्टर कुठला घ्यावा?

काय सांगणार? सांगितलं. म्हटलं, हाच घ्या. चांगला आहे हो, अगदी चोख आहे. दोष असला की लगेच दाखवतो… फक्त कुणाचा, ते नाही दाखवत.