फाटकावरचं पिवळं निशाण

सेत्सुको : नाही म्हणू नका, इवाओसान. गुरुवारच्या सभेत दोन शब्द बोला. पाच गावांचे प्रमुख येणार, इस्पितळाचे मोठे डॉक्टर, देवळातले भिक्षू, पोस्टमास्तर. म्हाताऱ्यांची देखभाल कशी करायची, यासाठी एवढी माणसं पहिल्यांदाच एकत्र बसणार आहेत.

इवाओ : बसू द्या. म्हातारे तेवढा वेळ घरी एकटे असतीलच.

सेत्सुको : टोमणे मारायची सवय गेली नाही तुमची.

इवाओ : फुमिए अडवायची. आता कोण अडवणार?

सेत्सुको : (इवाओच्या दिवंगत बायकोच्या, फुमिएच्या तसबिरीला हात जोडून) फुमिएसान, तुम्हीच सांगा यांना. वाडीची प्रमुख मी, माझं नाक कापलं जाईल. अहो, आपलं पिवळं निशाण त्यांना पाचही गावांत न्यायचंय. सकाळी फाटकावर दिसलं की घरातलं माणूस ठीक. नऊपर्यंत नाही दिसलं तर शेजाऱ्यानं दार ठोठावायचं. किती सोपं! तुमचं निशाण तर सहसा चुकत नव्हतं.

इवाओ : ती गेली त्या दिवशीही नाही चुकलं.

सेत्सुको : म्हणजे?

इवाओ : मी मोतीबिंदू काढायला शहरात होतो ना, दोन दिवस. ते निशाण तिनं नव्हतं लावलं. जाताना मीच तारेनं करकचून बांधून गेलो होतो.

सेत्सुको : का पण?

इवाओ : ती विसरायला लागली होती. पानगळीत तीनदा निशाण लावायचं राहिलं, तीनदा तुम्ही मंडळी दारात. शेवटच्या वेळी शेजारच्या ओगिसान मोठ्यानं विचारत होत्या, आज वार कोणता, सांगा बघू. फुमिए हसली. मग आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मला म्हणाली, पुन्हा कुणाला येऊ देऊ नका.

सेत्सुको : काळजीपोटीच विचारलं हो.

इवाओ : ठाऊक आहे. पण म्हटलं, दोनच दिवसांचा प्रश्न. भात करून ठेवला, सूप नुसतं गरम करायचं होतं. पहिल्याच सकाळी न्हाणीघरात पडली. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर जवळजवळ एक दिवस जिवंत होती.

सेत्सुको : कुणाला बोलला नाहीत हे?

इवाओ : मुलीलाही नाही. तिला वाटतं, आई झटक्यात गेली. आणि तुम्ही म्हणता, चार लोकांत उभं राहून निशाणाचं कौतुक करा.

सेत्सुको : संध्याकाळी ते उतरवायचं असतं. त्या संध्याकाळी तसंच होतं. मी पाहिलं.

इवाओ : तुम्ही पाहिलंत?

सेत्सुको : पाहिलं. मनात म्हटलं, विसरल्या असतील, नेहमीचंच. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथूनच गेले. निशाण होतंच. म्हटलं, चला, ठीक आहे.

इवाओ : आतून काही ऐकू आलं का?

सेत्सुको : मी थांबलेच नाही, इवाओसान.

इवाओ : (फुमिएची तसबीर सरळ करतो.)

सेत्सुको : बोला काहीतरी. शिव्या द्या हवं तर.

इवाओ : गुरुवारी किती वाजता आहे?

सेत्सुको : दहाला. पण आता नाही आलात तरी मी…

इवाओ : येतो. निशाण नेऊ देत खुशाल. पण आत येऊन घटकाभर बसणारं माणूसही न्या, एवढं त्यांना सांगायला हवं. फक्त तुमचं तुम्ही आधी सांगा, सेत्सुकोसान. माझ्याच्यानं सुरुवात व्हायची नाही.