मढच्या घराचं गाऱ्हाणं

हॅलो? … हां निलेश, बोल. … लाटांचा आवाज येतोय, म्हणजे मढला पोचलास. मग आज घर पाडताय ना, मला कशाला फोन? … अरे, वाटणीच्या कागदावर सही दिली तेव्हाच म्हटलं, घर तुझं, काय हवं ते कर. मला काही नाही त्याचं. …

कामगार थांबले? का? … नारळ फोडलास, बरं. … गाऱ्हाणं न घालताच? अरे देवा. जागेवाल्या देवाला आधी सांगायचं कशाला आलोय, मग फोडायचा. … त्यात नासका निघाला? मग वाटच लागली. … मुकादम कुठला? … देवगडचा? मग बरोबर बसलाय तो. तू कितीही बोंबल, गाऱ्हाण्याशिवाय तो कौलाला हात लावणार नाही. …

मी? आपल्यात बायकांनी कधी घातलंय? … हो, बाबांचं ऐकून ऐकून पाठ आहे, खोटं कशाला बोलू. …

बरं. दुसरा नारळ? … दुकानात कशाला जातोस, अंगणात बाबांचा माड आहे ना, त्याचाच काढ. … काय? तोही तोडणार? … स्विमिंग पूल. पुढ्यात समुद्र असताना. … नाही रे, चिडले नाहीये. भाड्याने द्यायचा बंगला म्हणजे पूल हवाच, कळलं. …

तो माड कुठून आला माहितीये तुला? … नर्सरीतून काय! तू मांडीवर होतास. काकांनी बाबांना गावच्या घरात पाऊल ठेवू दिलं नाही, तेव्हा परड्यातला कोंब आलेला नारळ पिशवीत घालून निघाले. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात वाढवला. मग गिरणी बंद पडली, हिशोब मिळाला आणि त्यांनी हे घर घेतलं. सगळे हसले त्यांना. …

हो, त्याआधी घर एका शेठचं. बायकोला दमा, तिला हवा मानवावी म्हणून बांधलं. ती गेली, शेठ परत फिरकला नाही. मग शूटिंगवाले, मग नुसती कुत्री. म्हणून तर बाबांना परवडलं. …

वाईट वाटतं का? वाटतं रे. घराचं नाही, ते गळतच होतं. माडाचं वाटतं. … जाऊ दे. काढलास नारळ? … मग स्पीकर लाव. चपला काढा सगळ्यांनी. मी थांबले की 'व्हय महाराजा' म्हणायचं. … मढच्या देवाला मालवणी कळते का? बाबा म्हणायचे, ऐकून ऐकून शिकलाय तो. …

बा जागेवाल्या महाराजा, आज लवू परबाची पोरां, सुलक्षणा नि निलेश, तुझ्या पायाकडे इली हत. …

जो शेठ हय बायलेसाठी घर बांधून गेलो, त्येचा बरा कर. …

आमच्या बापाक गावात जागा गावली नाय, ती तू दिलस. चाळीतली पोरां मे महिन्यात हय खेळली, एकाक पण समुद्रान नेल्यान नाय, ती तुझीच राखण. …

आता निलेश जुना घर उतरवता. चुकला माकला पदरात घे. आणि बापान गावसून आणलेल्या माडाक कोण हात लावचो नाय, ह्यो निलेशाचो शबूद. …

हां, ऐकलं. मुकादमाचा आवाज आला, कामगारांचा आला. निलेश, तुझा नाही आला. … फसवलं कसलं? सगळ्यांसमोर बोलले. … मग नकाशा बदल. पूल मागच्या बाजूला घे. … नाही म्हणायचं तर नको म्हणू. मुकादम बसून राहील, तूही बस. मी फोन धरून आहे, भाजी निवडून होईल तोवर. …

…

हळू म्हणालास. बाबांनी परत म्हणायला लावलं असतं. … हां. आता आला.

फोड नारळ. … चांगला निघाला? पाणी गोड आहे? … मग उतरवा कौलं, सावकाश. संध्याकाळी घरी बोरिवलीला जाण्याआधी घाटकोपरला माझ्याकडे ये, फोडलेल्या नारळाची एक कवड माझ्यासाठी आण. सोलकढी करते. … हो, जेवूनच जा. ठेवते.